जुन्या डेस्कटॉपची कमी खर्चात सुधारणा: बेळगाव सीमाभागातील नवख्यांसाठी सुटे भाग निवडण्याची रीत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सुरक्षेची नियमित अपडेट थांबली. तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतल्या अनेक घरांत, छापखान्यांत आणि ऑनलाइन सेंटरांत एकच प्रश्न आहे: चालू स्थितीतला जुना संगणक काढून नवा घ्यायचा, की त्यातले काही भाग बदलून काम भागवायचे? माझ्या अनुभवात बहुतेक वेळा काही भाग बदलून काम भागते. मात्र कोणते भाग घ्यायचे याचा निर्णय दुकानाच्या काउंटरवर उभे राहून करू नये. तो घरी, कॅबिनेट उघडून आणि नोंदी करून करावा. पुणे-मुंबईच्या ग्राहकाला चुकीची रॅम दुसऱ्या दिवशी बदलून आणता येते. जांबोटीहून बेळगावला किंवा कागवाडहून कोल्हापूरला जाणाऱ्याला त्या बदलापायी एक दिवस आणि प्रवासखर्च घालवावा लागतो, आणि भाग बेंगळुरूहून मागवला असेल तर पंधरवडाही जातो. म्हणून पुढचा क्रम सावकाश वाचावा आणि खरेदीआधीची सगळी कामे पूर्ण करूनच घराबाहेर पडावे.

१. काम आणि खर्चाची मर्यादा लिहून काढा

संगणक हळू चालतो ही तक्रार सगळ्यांची सारखी असली, तरी तिची कारणे कामाप्रमाणे बदलतात. ज्या छापखान्यात मराठी लग्नपत्रिका आणि कन्नड हस्तपत्रके एकाच यंत्रावर जुळवली जातात, तिथे मोठ्या चित्रफायलींमुळे रॅम अपुरी पडते. ऑनलाइन सेंटरात जमिनीचा उतारा, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि बँकेची पाने ब्राउझरमध्ये एकाच वेळी उघडी असतात, शिवाय प्रिंटर आणि स्कॅनर चालू असतात. तिथे अडचण रॅमची आणि जुन्या हार्ड डिस्कची असते. किराणा दुकानातल्या हिशेबाला एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली की पुढे काहीच लागत नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला त्रिमितीय आरेखन किंवा सिम्युलेशन करायचे असेल, तरच प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचा विचार सुरू होतो.

कामाखाली जास्तीत जास्त किती खर्च करायचा तो आकडा लिहा आणि त्यातला दहावा हिस्सा केबल, थर्मल पेस्ट (प्रोसेसर थंड राहावा म्हणून लावायचा लेप), ब्रॅकेट आणि जोडणीची मजुरी यांसाठी वेगळा ठेवा. सुधारणेचा एकूण खर्च त्याच कामाला पुरेल अशा नव्या असेंबल केलेल्या संगणकाच्या निम्म्या किमतीपुढे जात असेल, तर मी सुधारणा करू नये असेच सांगेन. त्या परिस्थितीत मॉनिटर, कीबोर्ड, कॅबिनेट आणि एसएसडी जुनीच ठेवून आतला पाया बदलणे परवडते. त्याविषयी सातव्या पायरीत लिहिले आहे.

२. आत काय आहे ते नोंदवा

या पायरीला अर्धा तास लागतो आणि पुढचे बहुतेक घोटाळे इथेच टळतात. लागणारी साधने थोडी आहेत:

- स्टार स्क्रूड्रायव्हर, मऊ ब्रश, टॉर्च आणि फोटो काढण्यासाठी मोबाइल
- किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह, विंडोज नव्याने टाकण्यासाठी
- महत्त्वाच्या फायलींची प्रत ठेवण्यासाठी वेगळी डिस्क
- संगणकाचे किंवा भागांचे जुने बिल, विंडोजची की, आणि टायपिंगच्या किंवा हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे हार्डवेअर लॉक (ते सॉफ्टवेअर चालण्यासाठी संगणकाला लावावा लागणारा छोटा प्लग) असल्यास ते

संगणक चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. त्यातल्या परफॉर्मन्स या भागात प्रोसेसरचे पूर्ण नाव, रॅमचा वेग, रॅमचे किती स्लॉट भरलेले आहेत आणि डिस्क कोणत्या प्रकारची आहे, हे सगळे दिसते. सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर मदरबोर्डचे (सगळे भाग जोडलेल्या मुख्य पट्टीचे) मॉडेल आणि बायोसची, म्हणजे त्या बोर्डमधल्या मूळ सॉफ्टवेअरची, आवृत्ती सांगते, तर क्रिस्टलडिस्कइन्फो डिस्कची प्रकृती दाखवते. या तिन्हींचे फोटो काढून ठेवा.

त्यानंतर रोजचे काम रोजच्या पद्धतीने करत टास्क मॅनेजरवर लक्ष ठेवा. डिस्कचा आकडा वारंवार १०० टक्क्यांवर चिकटून बसत असेल तर एसएसडी हवी. मेमरी ८५ टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम वाढवावी. हे दोन्ही मोकळे असून प्रोसेसरच १०० टक्के गुंतलेला दिसत असेल, तरच महाग भागांकडे वळावे. प्रोसेसर गुंतलेला दिसल्यास आधी त्याचे तापमानही तपासावे, कारण हीट सिंकमध्ये धूळ गच्च भरली असेल तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. अशा वेळी साफसफाई आणि नवी थर्मल पेस्ट एवढ्यावर काम भागते.

आता संगणक बंद करून वायर काढा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून आतला उरलेला भार जाऊ द्या, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा आणि बाजूचे झाकण उघडा. मदरबोर्डवर छापलेला क्रमांक, रॅमवरचे लेबल, एसएमपीएसवरचा (सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावरचा) तक्ता, डिस्क जोडण्याचे रिकामे साटा पोर्ट आणि पट्टीसारखी एसएसडी बसवण्याचा एम.२ स्लॉट असल्यास तो, या सगळ्यांचे स्पष्ट फोटो घ्या. दुकानदाराला बोलून सांगण्यापेक्षा हे फोटो दाखवणे केव्हाही चांगले. खानापूर तालुक्यातल्या घाटाकडच्या गावांत पावसाळ्यात कॅबिनेटमध्ये ओल धरते आणि स्लॉटच्या संपर्कपट्ट्यांवर थर चढतो. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या पेन्सिलच्या स्वच्छ खोडरबराने हलक्या पुसून पुन्हा बसवल्यावर मध्येच बंद पडणारा संगणक सुरळीत झाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

३. मदरबोर्डची पिढी ओळखा

पुढे काय काय बसू शकेल, याची सगळी मर्यादा मदरबोर्ड ठरवतो. इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर एलजीए ११५५ या सॉकेटमध्ये (बोर्डवरच्या प्रोसेसरच्या खोबणीत) बसतात, चौथ्या पिढीचे ११५० मध्ये, सहाव्या-सातव्या पिढीचे ११५१ मध्ये, दहाव्या-अकराव्या पिढीचे १२०० मध्ये आणि बाराव्या ते चौदाव्या पिढीचे १७०० मध्ये. आठव्या-नवव्या पिढीच्या सॉकेटचे नावही ११५१ असेच आहे, परंतु सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डवर ते प्रोसेसर चालत नाहीत. सॉकेट सारखे दिसते म्हणून आठव्या पिढीचा जुना प्रोसेसर स्वस्तात घेणारे इथेच फसतात.

एएमडीच्या बाबतीत एएम४ हे सॉकेट पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत टिकले, त्यामुळे ए३२० किंवा बी४५० बोर्ड असणाऱ्यांना सुधारणेला बरीच जागा आहे. मात्र नवा प्रोसेसर बसवण्याआधी, जुना प्रोसेसर आत असतानाच बायोस अद्ययावत करावे लागते. आपल्या बोर्डच्या मॉडेलसाठी कोणते प्रोसेसर आणि कोणती बायोस आवृत्ती चालते याची यादी उत्पादक कंपनी स्वतःच्या संकेतस्थळावर देते. ती पाहिल्याशिवाय प्रोसेसरचे पैसे देऊ नयेत.

विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका आणि त्यापुढचा प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय), सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. आठव्या पिढीचे यंत्र असूनही तपासणीत टीपीएम नाही असे दिसले, तर घाबरून नवा बोर्ड घेऊ नका. बहुतेक बोर्डांत ही सोय बायोसमध्ये बंद करून ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डवर ती पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम या नावाने सापडते, आणि चालू करायला एक पैसाही लागत नाही.

यंत्र खरोखरच जुने असेल तर दोन वाटा आहेत. विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा-अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिली आहे. दुसरी वाट लिनक्स मिंट किंवा उबंटू या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालींची. त्यांत मराठी आणि कन्नड दोन्हींसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो, आणि इनस्क्रिप्टची मांडणी भारतीय लिप्यांत एकाच तत्त्वावर असल्याने मराठी टाइप करणाऱ्याचा हात कन्नडवरही लवकर बसतो. कन्नड टंकनाच्या नुडीसारख्या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरवर किंवा जुन्या फॉन्टवर रोजचे काम अवलंबून असेल, तर मात्र विंडोजच ठेवावे.

४. पहिला खर्च एसएसडीवर करा

यंत्रात अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर दुसरे काहीही घेण्याआधी एसएसडी घ्या. माझ्या चौथ्या पिढीच्या यंत्रात मी आधी एसएसडी आणि मग रॅम बदलली, आणि कामात जाणवणारा मोठा फरक पहिल्या बदलानेच पडला. फिरती डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, साटा एसएसडी ५५० एमबीच्या आसपास जाते. पण खरा फायदा या आकड्यांत नसून, विखुरलेल्या छोट्या फायली शोधायला लागणारा वेळ जवळजवळ नाहीसा होतो यात आहे. त्यामुळे एच६१ सारख्या जुन्या बोर्डवर साटाचा वेग निम्मा असला तरी एसएसडी बसवल्यावर यंत्र बदलल्यासारखे वाटते, आणि तिथे महागड्या वेगवान मॉडेलवर पैसे घालण्याची गरज राहत नाही.

बोर्डवर एम.२ स्लॉट असेल तर तो साटा प्रकारचा आहे, एनव्हीएमई या जास्त वेगवान प्रकारचा आहे, की दोन्ही चालतात, हे बोर्डच्या माहितीपत्रकात पाहावे. दोन्ही प्रकारच्या पट्ट्या दिसायला जवळपास सारख्या असतात, आणि चुकीची घेतली तर ती स्लॉटमध्ये बसूनही दिसत नाही. काही बोर्डांवर एम.२ वापरल्यास एखादा साटा पोर्ट बंद होतो. एम.२ नसलेल्या जुन्या बोर्डवर कार्ड लावून एनव्हीएमई बसवता येते, पण बहुतेक अशा बोर्डांचे बायोस तिच्यावरून विंडोज सुरू करू शकत नाही. तिथे २.५ इंची साटा एसएसडीच योग्य.

कार्यालयीन कामासाठी २५६ जीबी पुरते, चित्रे आणि व्हिडिओ असतील तर ५१२ जीबी घ्यावी, आणि जुनी हार्ड डिस्क चांगल्या स्थितीत असल्यास ती साठवणीसाठी आतच ठेवावी. साटा एसएसडीच्या खोक्यात सहसा डेटा केबल येत नाही. कॅबिनेटमध्ये २.५ इंची जागा नसेल तर ब्रॅकेटही लागतो. या किरकोळ वस्तूंसाठी दुसरी फेरी पडू नये म्हणून त्या आधीच यादीत लिहाव्यात. अनोळखी नावाची, अशक्य वाटावी इतकी स्वस्त २ टीबी एसएसडी कुठेही दिसली तरी घेऊ नये. अशा डिस्कवर खोटी क्षमता लिहिलेली असू शकते, आणि त्या मर्यादेपलीकडे लिहिलेल्या फायली नष्ट होतात. घेतलेल्या डिस्कची खरी क्षमता एच२टेस्टडब्ल्यू या मोफत साधनाने पहिल्याच दिवशी तपासता येते.

५. रॅम: प्रकार, जोडी आणि एक जुनी फसवणूक

डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही. घरगुती आणि कार्यालयीन वापरासाठी आज ८ जीबी ही किमान आणि १६ जीबी ही सुखाची पातळी मानावी. एच६१ आणि एच८१ बोर्डांवर दोन स्लॉट आणि कमाल १६ जीबी एवढीच मर्यादा असते. शक्य असेल तिथे एकाच क्षमतेच्या दोन पट्ट्या लावाव्यात, कारण जोडीने लावलेली रॅम दुहेरी मार्गाने चालते. ज्या यंत्रात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, तिथे प्रोसेसरमधले ग्राफिक्स याच रॅमवर जगत असल्याने हा फरक स्पष्ट दिसतो.

डीडीआर३ घेताना विशेष जपावे. बाजारात आणि ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या काही ४ आणि ८ जीबीच्या पट्ट्या फक्त जुन्या एएमडी बोर्डांवर चालतात, इंटेलच्या बोर्डवर यंत्र सुरूच होत नाही. वर्णनात तसा उल्लेख बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. दुकानदाराला बोर्डाचे मॉडेल दाखवून, चालली नाही तर परत घेण्याचे बिलावर लिहून घ्यावे. विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम तिला वापरताच येत नाही, हेही अनेकांना पैसे दिल्यावर कळते. रॅम घेण्याआधी सिस्टिमच्या माहितीत ६४ बिट असे लिहिले आहे का ते पाहून घ्या.

२०२५ च्या उत्तरार्धापासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने रॅमचे भाव जगभर झपाट्याने चढले. त्यामुळे महिन्यापूर्वी कोणी सांगितलेला भाव धरून अंदाजपत्रक करू नये. त्याच दिवशी दोन-तीन ठिकाणी विचारावे. याच कारणाने जुनी डीडीआर४ रॅम पुढच्या यंत्रातही वापरता येईल अशी आखणी आज शहाणपणाची ठरते.

६. एसएमपीएस, यूपीएस आणि अर्थिंग

हा भाग बाहेरून दिसत नाही म्हणून त्यावर कात्री लावली जाते, आणि नवख्यांचे सर्वांत मोठे नुकसान इथूनच होते. खराब एसएमपीएस जळताना बोर्ड आणि डिस्क सोबत घेऊन जाऊ शकतो. लेबलवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले ४५० वॅट हे पुष्कळदा खरे नसते. तक्त्यामध्ये १२ व्होल्टच्या रेषेवर किती अँपिअर दिले आहेत ते पाहावे आणि त्याला १२ ने गुणावे. १२ व्होल्टवर १६ अँपिअर म्हणजे १९२ वॅट झाले, मग वर काहीही छापलेले असो. ग्राफिक्स कार्ड लावायचे असेल तर नामांकित कंपनीचा, ८० प्लस (वीज कमी वाया घालवण्याचे) प्रमाणपत्र असलेला एसएमपीएस घ्यावा. नुसती एसएसडी आणि रॅम वाढवायची असेल तर चांगला चालणारा जुना बदलण्याची गरज नाही.

आपल्याकडे हेस्कॉमची वीज वादळी पावसात खेड्यांतून वारंवार ये-जा करते, आणि प्रत्येक अचानक बंद पडण्यात चालू फायलींची हानी होते. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटचा भार पेलतो, पण तो फक्त काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यापुरताच आहे असे समजावे. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नये. काही नव्या एसएमपीएसना स्वस्त यूपीएसची वीज मानवत नाही आणि वीज जाताच संगणक बंद पडतो. म्हणून दोन्ही एकत्र चालवून पाहूनच यूपीएस पक्का करावा.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात, ही तक्रार जुन्या गल्ल्यांतल्या घरांतून नेहमी ऐकू येते. त्याचे कारण बहुधा संगणकात नसून प्लगच्या तिसऱ्या पिनला जमिनीची जोडणी नसण्यात असते: एसएमपीएसमधून येणारा अगदी थोडा प्रवाह जायला वाट न मिळाल्याने कॅबिनेटवर साठतो. नवे भाग घेण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. नव्या बोर्डावर पैसे घालून ही जोडणी तशीच ठेवणे मला अजिबात मान्य नाही.

७. बोर्ड आणि प्रोसेसर केव्हा बदलावेत

चौथ्या किंवा त्याआधीच्या पिढीच्या यंत्रात एसएसडी आणि ८ जीबी रॅम असूनही काम अडत असेल, तर त्याच सॉकेटचा मोठा प्रोसेसर शोधण्याऐवजी बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम तिन्ही बदलावेत. आय७ असे लिहिलेल्या लेबलवर जाऊ नका. दुसऱ्या पिढीचा आय७ आणि बाराव्या पिढीचा आय३-१२१०० या दोघांतही चार कोर आणि आठ थ्रेड आहेत, परंतु बारावी पिढी बरीच जलद आहे आणि वीजही कमी खाते. जुन्या यंत्रावर आय७ चे लेबल दाखवून चढा भाव सांगणारे विक्रेते सगळीकडे भेटतात. त्यांना पिढी विचारा, कारण नावापुढचा चार किंवा पाच आकडी क्रमांकच सगळे सांगतो.

कमी खर्चात दोन जोड्या विचारात घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे एएम४ बोर्डसह रायझन ५ ५६००जी: सहा कोर, बारा थ्रेड आणि आत बऱ्यापैकी ग्राफिक्स, त्यामुळे वेगळे कार्ड लागत नाही. दुसरी म्हणजे एच६१० बोर्डसह आय३-१२१००. या दोन्हींत डीडीआर४ वापरता येते, मात्र एच६१० बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतो, म्हणून खोक्यावरचे मॉडेल पूर्ण वाचावे. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते, आणि रॅम महाग असताना तो मार्ग अंदाजपत्रक फोडतो.

नावातले शेवटचे अक्षर फार महत्त्वाचे आहे. आय३-१२१००एफ मध्ये ग्राफिक्स नाही. रायझन ५ ५६०० मध्येही नाही, ५६००जी मध्ये आहे. स्वस्त म्हणून एफ घेतला आणि ग्राफिक्स कार्ड नसले तर पडद्यावर काहीच उमटत नाही. प्रोसेसर शक्यतो सीलबंद खोक्यातला घ्यावा, त्यावर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. सुटा मिळणारा प्रोसेसर थोडा स्वस्त असतो, पण त्याची हमी अनेकदा फक्त दुकानापुरती असते.

बोर्ड बदलताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. संगणकासोबत आलेले विंडोजचे लायसन्स त्या बोर्डशी बांधलेले असते आणि नव्या बोर्डावर जात नाही, त्याचा खर्च आधीच धरावा. छापखाने आणि जुनी हिशेबाची दुकाने यांच्याकडे समांतर पोर्टवर चालणारे प्रिंटर किंवा हार्डवेअर लॉक असतात. नव्या बोर्डांवर तो पोर्ट बहुधा नसतो, आणि यूएसबीचे रूपांतरक प्रिंटरला चालले तरी लॉकला सहसा चालत नाहीत. विंडोज ११ फक्त ६४ बिट असल्याने फार जुनी १६ बिट सॉफ्टवेअर तिच्यावर चालत नाहीत. अशा दुकानांनी जुने यंत्र तेवढ्या एका कामापुरते, इंटरनेटला न जोडता, बाजूला चालू ठेवावे.

८. ग्राफिक्स कार्ड

टंकन, हिशेब, पत्रिका, अर्ज भरणे आणि द्विमितीय आरेखन यांसाठी वेगळे कार्ड लागत नाही. लागलेच तर आधी एसएमपीएस पाहावा. बोर्डच्या स्लॉटमधून कमाल ७५ वॅट मिळतात, त्यापुढच्या कार्डांना सहा किंवा आठ पिनची वेगळी जोडणी लागते. ऑनलाइन मिळणारी अतिस्वस्त कार्डे पुष्कळदा जुन्या चिपवर नव्या कार्डाचे नाव लिहून विकलेली असतात. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर अशी अनेक कार्डे ओळखून तसा शिक्का दाखवते. जुने कार्ड घेताना ते चालू यंत्रात, त्या सॉफ्टवेअरसह, पंधरा मिनिटे भार देऊन पाहिल्याशिवाय घेऊ नये.

९. कंपन्यांतून निघालेली ब्रँडेड यंत्रे

कार्यालयांतून बदली झालेले डेल, एचपी आणि लेनोवोचे डेस्कटॉप मोठ्या प्रमाणावर रिफर्बिश्ड म्हणून विकले जातात. आठव्या पिढीचे असे यंत्र विद्यार्थ्यासाठी उत्तम आहे आणि मी स्वतः नात्यातल्या मुलांना तेच सुचवतो. परंतु त्यांतल्या अनेक मॉडेलांचा एसएमपीएस नेहमीच्या आकाराचा नसतो, बोर्डकडे जाणारी जोडणी २४ पिनची नसते आणि कॅबिनेट बारीक असल्याने पूर्ण उंचीचे कार्ड आत मावत नाही. म्हणजे त्यात एसएसडी आणि रॅम सहज वाढते, बाकी काही वाढेल असे गृहीत धरू नये. पुढे गेमिंग कार्ड लावायचे ठरलेले असेल, तर असे यंत्र घेऊच नये.

१०. कुठून घ्यावे आणि बिलावर काय असावे

बेळगावकराला बेळगावची बाजारपेठ, उत्तरेला सुमारे ११० किलोमीटरवर कोल्हापूर, दुसऱ्या बाजूला हुबळी, लांबवर बेंगळुरूचा एसपी रोड आणि ऑनलाइन, असे पर्याय असतात. निपाणी आणि चिकोडीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडते. माझे मत असे आहे की एसएसडी आणि सीलबंद प्रोसेसर जिथे स्वस्त मिळेल तिथून घ्यावेत, कारण ते क्वचित बिघडतात आणि त्यांची वॉरंटी कंपनीकडून चालते. मदरबोर्ड, एसएमपीएस, यूपीएस आणि रॅम मात्र जवळच्या दुकानातूनच घ्यावेत, थोडे जास्त द्यावे लागले तरी. या भागांत न जुळण्याची आणि लवकर बिघडण्याची शक्यता जास्त, आणि बदलून देणारा माणूस हाताशी असणे त्या फरकापेक्षा मोलाचे आहे. कंपनीचे जवळचे सर्व्हिस सेंटर कोणत्या शहरात आहे हे तिच्या संकेतस्थळावर पिन कोड घालून खरेदीआधीच पाहावे, आणि पार्सल पाठवण्याचा खर्च कोणाचा, तेही विचारावे.

बिल पक्के घ्यावे आणि त्यावर मॉडेल, सिरियल क्रमांक आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्यावी. कच्च्या पावतीवर वाचणारे पैसे वॉरंटीच्या पहिल्याच प्रसंगी परत जातात. सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणून सांगितलेला भाव करासह आहे का, ते आधी विचारावे. दुकानाचा जीएसटी क्रमांक कर्नाटकात २९ ने आणि महाराष्ट्रात २७ ने सुरू होतो. ज्यांचा स्वतःचा व्यवसाय कर्नाटकात नोंदलेला आहे, त्यांनी कोल्हापुरातून खरेदी करताना विशेष लक्ष द्यावे: बिलावर महाराष्ट्राचा एसजीएसटी लागला तर त्याची वजावट कर्नाटकात मिळत नाही. आयजीएसटीचे (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरच्या जीएसटीचे) बिल कसे मिळेल, हे खरेदीआधी आपल्या करसल्लागाराला विचारून घ्यावे.

दुकान दुसऱ्या राज्यात आहे म्हणून तक्रार करता येत नाही, हा समज चुकीचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक स्वतः जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार दाखल करू शकतो. त्यासाठी कोल्हापूरला किंवा बेंगळुरूला खेपा घालाव्या लागत नाहीत. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ऑनलाइन मागवलेले पार्सल उघडताना पहिल्या चिकटपट्टीपासून सलग व्हिडिओ काढावा, तोच पुढे पुरावा होतो.

११. जोडणी आणि पहिल्या आठवड्यातली तपासणी

सगळे भाग एकाच दिवशी बसवू नका. एक भाग बसवा, यंत्र चालवून पाहा आणि मगच दुसरा, म्हणजे बिघाड आला तर कोणामुळे ते लगेच कळते. रॅम बसवल्यावर मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावे. त्यात एकही चूक दिसली तरी पट्टी बदलून घ्यावी, अशी रॅम हळूहळू फायली बिघडवते. जुनी विंडोज एसएसडीवर जशीच्या तशी उतरवता येते, पण विंडोज ११ कडे जायचे असेल तर नव्याने टाकणे बरे, कारण जुन्या डिस्कची विभागणी बहुधा एमबीआर या जुन्या पद्धतीची असते आणि नव्या विंडोजला जीपीटी ही नवी पद्धत लागते. पहिले आठ दिवस रोजचे जड काम मुद्दाम करावे, तापमान पाहावे आणि दुकानाची बदलून देण्याची मुदत संपण्याआधी शंका असलेला भाग परत न्यावा. खोकी आणि बिले वॉरंटी संपेपर्यंत ओल न लागेल अशा उंच फळीवर ठेवावीत.

जुनी हार्ड डिस्क विकण्याची घाई करू नये. निदान दोन-तीन महिने ती तशीच बाजूला ठेवावी, कारण राहून गेलेली एखादी फाइल किंवा जुना फॉन्ट तेव्हाच आठवतो. विकताना साधे फॉरमॅट पुरेसे नसते, त्यातल्या आधार आणि बँकेच्या प्रती परत मिळवता येतात. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना क्विक हा पर्याय काढून पूर्ण फॉरमॅट करावे. बंद पडलेली डिस्क भंगारात देण्याआधी ती उघडून आतली तबकडी मोडावी. निरुपयोगी बोर्ड आणि एसएमपीएस कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत संकलकाकडे द्यावेत.